कार्ल्याच्या एकवीरेची ओटी भरायला जाताना

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे, घणसोलीपर्यंत ज्या आगरी-कोळी घरांची कुलस्वामिनी कार्ल्याची एकवीरा आहे, त्या घरांत लग्न झाले, बारसे झाले किंवा नवी होडी पाण्यात उतरली की पहिला प्रश्न निघतो, ‘आईच्या ओटीला कधी जायचे?’ ठाण्यातल्या अनेक सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) कुटुंबांचेही हेच कुलदैवत आहे. या प्रश्नाचे उत्तर देताना एक घोळ नेहमी होतो. ओटीसाठी जाणे आणि पालखीसाठी जाणे ही दोन वेगळी कामे आहेत, ती एकाच दिवसात उरकण्याच्या नादात दोन्ही अर्धवट राहतात.

पालखीचा दिवस ठरलेला आहे. गुढीपाडव्यानंतर चैत्र शुद्ध षष्ठीला देवीच्या माहेरी, म्हणजे देवघर गावी, तिचा भाऊ मानल्या जाणाऱ्या काळभैरवनाथाची पालखी निघते. सप्तमीला कार्ल्याच्या गडावर देवीची पालखी आणि अष्टमीला तेलवणाचा, म्हणजे देवीला तेल लावण्याचा, विधी होतो. कोकणपट्टीतून कितीतरी पायी पालख्या त्याआधीच निघालेल्या असतात. सप्तमीला गडावर पाय ठेवायला जागा नसते आणि गाभाऱ्यासमोर क्षणभरही थांबता येत नाही, त्यामुळे त्या दिवशी ‘आई माऊलीचा उदो उदो’ म्हणत पालखीला हात लागला की दर्शन झाले असे समजावे. यात्राकाळात गडावर पशुबळी, फटाके आणि वाद्ये यांवर बहुतेक वर्षी प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, ते घर सोडण्यापूर्वी पाहून घ्यावेत. शारदीय नवरात्रात घटस्थापनेपासून गर्दी वाढत जाते आणि अष्टमीला होम असतो. नव्या जोडप्याची ओटी, जावळ किंवा नवस असेल, तर हे दोन्ही काळ आणि रविवार टाळून साधा वार निवडावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

गड पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात, वेहेरगावच्या डोंगरावर आहे. ठाण्याहून किंवा कल्याणहून लोणावळ्याला थांबणारी गाडी पकडावी आणि तिथून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने मळवलीला उतरावे, किंवा लोणावळ्यातूनच रिक्षा करावी. नवी मुंबईकरांना स्वतःच्या वाहनाने जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचा कार्ला फाटा गाठणे सोयीचे पडते. घरात वयस्कर माणसे असतील तर गाडी पायथ्याशी न सोडता वर पाचपायरी या ठिकाणापर्यंत न्यावी, कारण त्यापुढच्या पायऱ्या उन्हात गुडघ्यांची परीक्षा घेतात. मंदिरात जुलै 2025 पासून वेशभूषेचा नियम लागू झाला आहे. पूर्ण अंग झाकणारा साधा पोशाख घातला की अडचण येत नाही.

ओटीचे साहित्य घरून न्यावे, असे माझ्या आजीचे म्हणणे होते आणि ते मला आजही पटते. हिरवे लुगडे किंवा साडी, खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, हळदकुंकू, हळकुंड, सुपारी, बांगड्या आणि अबोलीची किंवा मोगऱ्याची वेणी एवढे पुरते. हे सगळे पातळ प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नये. गडावरची माकडे पिशवीचा आवाज ओळखतात. एका वर्षी आमच्या वहिनींच्या हातातली पिशवी एका माकडाने इतक्या सफाईने फाडली की नारळ गडगडत आठ-दहा पायऱ्या खाली गेला, तांदूळ पायरीवर सांडले आणि वेणी घेऊन ते महाशय कठड्यावर जाऊन बसले. आजी एवढेच म्हणाली, ‘हिची ओटी मारुतीनं भरली.’ तेव्हापासून ओटी झाकणाच्या पितळी डब्यात आणि डबा खांद्याच्या कापडी पिशवीत, अशी आमची पद्धत आहे.

गाभाऱ्यात एकवीरेशेजारी जोगेश्वरी आहे, म्हणून हळदकुंकू आणि फुले दोघींना वाहावीत. एकवीरा म्हणजे परशुरामाची माता रेणुका, अशी श्रद्धा आहे. दुसरी कथा पांडवांची आहे. वनवासात ते इथे आले असताना देवीने एका रात्रीत मंदिर बांधण्याची अट घातली, ती त्यांनी पुरी केली आणि अज्ञातवासात तुम्हाला कोणी ओळखणार नाही असा वर तिने दिला. ही कथा मुलांना पायऱ्या चढतानाच सांगावी, कारण वर पोहोचल्यावर शेजारच्या कार्ला लेण्यांतले चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, पाहून तिचा उगम त्यांना आपोआप उमगतो. सुमारे 45 मीटर लांब दालन अखंड कातळातून कोरलेले पाहणाऱ्याला ते माणसांचे काम वाटणे अवघडच होते. वास्तविक तिथला शिलालेख वैजयंती नगरीच्या भूतपाल या श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, हे शैलगृह पूर्ण केल्याचे सांगतो, आणि इतर लेखांत धेनुकाकट या गावच्या व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्या आहेत. चैत्यासमोर सिंहांचा एकच स्तंभ दिसतो. दुसरा जिथे असावा तिथे आज देवीचे मंदिर आहे, असे अभ्यासक मानतात. लेण्यांसाठी पुरातत्त्व खात्याचे तिकीट लागते. आधी ओटी, मग लेणी, हा क्रम ठेवावा, म्हणजे डबा सांभाळत फिरावे लागत नाही.

वर गोडाचाच नैवेद्य न्यावा. कोंबड्या-बकऱ्याचा मान कबूल केलेला असेल तर तो तिखटाचा नैवेद्य गड उतरल्यावर करावा. आमच्याकडे तो घरी परतून, दुसऱ्या दिवशी होतो. फोडलेल्या नारळाची एक वाटी देवीपाशी राहते आणि दुसरी रिकाम्या डब्यात घरी येते. तिचे तुकडे करून देवघरात दाखवावेत आणि जी शेजारीण गडावर येऊ शकली नाही तिच्या घरी प्रसाद आधी पोहोचवावा.