घरी बनवलेल्या व्हॅन डी ग्राफ मशीनचा स्पार्क वाढत नाहीये? आधी या चुका टाळा

दिवाळी संपली की सोलापुरात शाळा-कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनांची गडबड सुरू होते आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा येईपर्यंत मला व्हॅन डी ग्राफ मशीनबद्दल एकच प्रश्न फिरून फिरून येतो. हे मशीन म्हणजे मोटरने दोन रोलरवर पळणारा रबरी पट्टा, तो पाइपच्या आतून विजेचा चार्ज वर नेतो आणि वरच्या पोकळ धातूच्या गोळ्यावर, म्हणजे डोमवर, साठवतो, मग डोमजवळ काही आणलं की ठिणगी पडते. मशीन फिरतंय, पट्टा पळतोय, पण ठिणगी जेमतेम अर्धा सेंटीमीटर, आता मोठी मोटर लावू का? नका लावू. मोटर हे कारण मला क्वचितच सापडलंय, बाकी सगळीकडे चार्जची गळती असते.

हे एकदा नीट समजून घ्या म्हणजे पैसे वाचतील. पट्टा चार्ज वर नेतो, तो किती नेणार हे पट्ट्याच्या रुंदीवर आणि वेगावर ठरतं. ५ सेंटीमीटर रुंदीचा पट्टा सेकंदाला ६ मीटर वेगाने पळवला तरी वर जाणाऱ्या बाजूने अगदी आदर्श हिशोबाने ८ मायक्रोअँपियरच्या आसपास करंट जातो, प्रत्यक्षात त्याहून कमीच. आता डोमवर १ लाख व्होल्ट आले असं धरा, तर हे ८ मायक्रोअँपियर गळून जायला साडेबारा हजार मेगाओहमचा रस्ता पुरतो. साडेबारा हजार मेगाओहम! आपल्या मल्टीमीटरला तो रस्ता दिसणारच नाही, तो ओपन म्हणून दाखवेल. म्हणून जेवढं चढतंय तेवढं गळतंय, आणि व्होल्टेज तिथंच अडकतं. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, टाकीला चीर असेल तर आपण आधी चीर बुजवतो, मोठा पंप आणत नाही, इथं पण तेच करायचं. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफने १९२९ मध्ये प्रिन्स्टनला पहिलं मशीन केलं ते छोटी मोटर, टिनचा डबा आणि रेशमी रिबीन एवढ्यावरच, आणि त्या सुरुवातीच्या मशीननेच ८० हजार व्होल्टपर्यंत मजल मारली होती.

सायकलची ट्यूब कापून पट्टा करणे

ही चूक मला सगळ्यात जास्त त्रास देते कारण व्हिडिओ बघून सगळे हेच करतात. ट्यूब फुकट मिळते, ताणली जाते, गोल असतेच, जोड द्यायची गरज नाही. पण काळा रबर काळा असतो तो काजळीमुळे, म्हणजे कार्बन ब्लॅकमुळे, आणि कार्बन वीज वाहून नेतो. खालून चढवलेला चार्ज पट्ट्यावरूनच परत खाली उतरतो.

डिप्लोमाच्या एका पोराचं मशीन बघायला गेलो होतो. प्रदर्शन दोन दिवसांवर. आधी टेबल फॅनची मोटर, मग शिलाई मशीनची, आणि मी गेलो तेव्हा मिक्सरची मोटर बसवून झाली होती. खोलीत रबर तापल्याचा वास, पट्टा रोलरवरून उडून भिंतीवर आपटलेल्याच्या काळ्या रेघा, आणि ठिणगी आधी होती तेवढीच. त्याचं एकच म्हणणं, "सर, मोटरच कमी पडालीय." पट्ट्याबद्दल विचारलं तर मल्टीमीटर लावून दाखवला, २० मेगाओहमवर ओपन. आता मल्टीमीटर तपासतो दोन-चार व्होल्टवर, त्याच्यावरून लाख व्होल्टची गळती कशी कळणार?

मग त्याच्या आईकडून लोणच्याची काचेची बरणी घेतली, प्लॅस्टिकच्या झाकणातून तांब्याची जाड तार आत सोडली, खालच्या टोकाला पातळ फॉइलच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी टांगल्या. पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरीच्या मफलरवर घासून तारेवरून ओढला की पट्ट्या फाकतात आणि तशाच फाकलेल्या राहतात. त्या फाकलेल्या असताना ट्यूबचा तुकडा हातात धरून त्याचं टोक तारेला टेकवायला सांगितलं. पट्ट्या खाडकन मिटल्या. परत फाकवल्या आणि या वेळी साधा पिवळसर रबरबँड कापून टेकवला, पट्ट्या हलल्या पण नाहीत. पोरगं एवढं बघून गप्प झालं आणि लगेच पट्टा सोडवायला बसलं.

त्याला सर्जिकलच्या दुकानातून फिजिओथेरपीचा लॅटेक्सचा पट्टा आणायला लावला. फिका रंग घ्या, काळा किंवा राखाडी नको. पंक्चरच्या सोल्युशनने तिरका जोड दिला (सरळ जोड रोलरवर धडधड वाजतो आणि लवकर उसवतो), रात्रभर दाबून ठेवला, आणि मोटर मिक्सरची काढून परत शिलाई मशीनची लावली. सकाळी चार बोटं ठिणगी. कुठलाही पट्टा घ्यायच्या आधी ही बरणीची टेस्ट करायची, मी स्वतः दुकानात तुकडा मागून घेतो आणि घरी तपासल्याशिवाय पूर्ण माल घेत नाही.

डोमच्या कडा आणि खालचं भोक

स्टीलचे दोन बाऊल तोंडाला तोंड लावून ठेवले की झाला डोम असं वाटतं. पण चार्ज टोकाला आणि कडेला गोळा होतो आणि तिथून हवेत निघून जातो. हवा साधारण सेंटीमीटरला ३० हजार व्होल्टपर्यंत दम धरते, म्हणून २० सेंटीमीटर व्यासाच्या गुळगुळीत गोळ्यावर कागदावरचा हिशोब ३ लाख व्होल्टचा येतो, घरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलात तरी मशीन उत्तम आहे असं मी म्हणेन. पण बाऊलच्या काठाची धार, कापताना राहिलेली बारीक चिमटी, स्क्रूचं टोक, स्टिकरचा गोंद, त्यावर चिकटलेला कापसाचा एक तंतू, यातलं काहीही असलं की हा आकडा धाडकन खाली येतो. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे पाइप आत जातो ते खालचं भोक. ग्राइंडरने कापून तसंच सोडतात! ती कड आतल्या बाजूला वळलेली पाहिजे, भांडी ठोकणाऱ्या कारागिराकडे नेलं तर तो वळवून देतो, माझा तरी भरवसा त्याच्यावरच आहे, कडेला टेप गुंडाळून भागवणं मला पटत नाही.

शोधायचं कसं? रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, डोळे सरावायला दहा मिनिटं बसा, घाई करू नका, मग मशीन लांबून चालू करा. जिथं गळतंय तिथं फिकट जांभळा उजेड दिसतो आणि सापासारखा फिस्स आवाज येतो. त्या जागेवर बारीक पॉलिश पेपर मारायचा, पुसायचं, परत अंधार. हे काम कंटाळवाणं आहे आणि नवीन पोरं नेमकं हेच टाळतात, पण मला सगळ्यात जास्त फरक इथंच दिसलाय.

कूलर

उन्हाळी शिबिरात हमखास होणारी चूक. बाहेर ४२ डिग्री, हवा ठणठणीत कोरडी, म्हणजे मशीनसाठी झकास, आणि आयोजक पोरांना गरम होतंय म्हणून मशीनशेजारीच कूलर लावून ठेवतात. दमट हवेत पाइपवर आणि पट्ट्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि तोच गळतीचा रस्ता होतो. आपल्या गावात तर हे समजावून सांगायला नको, सुताच्या कारखान्यात हवा मुद्दाम दमट ठेवतात, धागा तुटू नये आणि स्टॅटिक धरू नये म्हणून. कूलर बंद करा, हेअर ड्रायरने पाइप आणि पट्टा आतून-बाहेरून पाच मिनिटं कोरडा करा. पावसाळ्यात प्रात्यक्षिक ठेवूच नका.

दोन्ही रोलर एकाच पाइपचे तुकडे

दोन्ही पीव्हीसीचे असतील तर चार्ज करायची बरीच ताकद वाया जाते. खालचा नायलॉनचा घ्या (इंजिनिअरिंग मालाच्या दुकानात रॉड मिळतो), वरच्यावर प्लंबरची टेफ्लॉन टेप घट्ट गुंडाळा. मग पट्टा वर जाताना एक चार्ज नेतो आणि उतरताना उलटा घेऊन येतो. रोलर मधोमध एक-दीड मिलिमीटर फुगीर ठेवा, पट्टा घसरत नाही.

बाकी लहान-सहान

कंगवा, म्हणजे पट्ट्यावर चार्ज चढवणारा-उतरवणारा वायरच्या सुट्या तारांचा ब्रश (एक खाली, एक वर), पट्ट्याला टेकवू नका, दोन मिलिमीटर अंतर बास. वरच्या कंगव्याची वायर डोमला आतून पक्की लागलीये का ते बघा. पाइपवरची छापील अक्षरं स्पिरिटने पुसा आणि नंतर पाइपला हात लावू नका, बोटांचा घाम पण गळतो. पट्ट्याला टाल्कम पावडर कोणी सांगितली असेल तर ती पण पुसून टाका.

स्पार्क मोजायला स्क्रूड्रायव्हर पुढे करतात आणि म्हणतात ठिणगी लहान. टोकदार वस्तू जवळ आणली की डोम गुपचूप रिकामा होतो. मी स्टीलच्या पळीचा गोल पाठचा भाग वापरतो, दांड्याला पीव्हीसी पाइप, आणि पळीपासून एक वायर थेट खालच्या कंगव्याला. असं केलं की सर्किट मशीनचं मशीनमध्येच पूर्ण होतं. पेठेतल्या जुन्या घरांत तीन पिनच्या सॉकेटला बऱ्याचदा अर्थिंगची वायरच नसते, मग पोरं खालच्या कंगव्याची वायर न्यूट्रलला जोडतात. हे कधीच करायचं नाही, यात जीव जाऊ शकतो. मोटरच्या बॉडीला मात्र खरं, तपासलेलं अर्थिंग पाहिजेच.

आणि शेवटचा शॉर्टकट, ज्याची मला मनापासून भीती वाटते. ठिणगी जाड दिसावी म्हणून डोमला लेडन जार, म्हणजे आतून-बाहेरून फॉइल लावलेली चार्ज साठवणारी बाटली, जोडणे. २० सेंटीमीटरच्या डोमची चार्ज साठवायची क्षमता साधारण ११ पिकोफॅरड, १ लाख व्होल्टला ऊर्जा होते ०.०५५ जूल, झटका बसतो पण माणूस सावरतो. बाटलीची क्षमता शेकडो पिकोफॅरड, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला कित्येक पट ऊर्जा, आणि ती छातीतून गेली तर काय होईल हे मला प्रदर्शनात बघायचं नाही. शाळेच्या पोरांच्या हातात तर ही बाटली देऊच नका. पेसमेकर असलेल्या माणसाला मशीनजवळ येऊ देऊ नका, मोबाईल आणि लॅपटॉप पलीकडच्या टेबलावर ठेवा, आणि मोटर बंद केल्यावर आधी पळी डोमला टेकवून धरा, मगच हात लावा.