दम्याचे कारण शोधताना होणाऱ्या या चुका टाळा

दम्याच्या रुग्णाला धाप लागली की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘काय खाल्लं होतं?’ हाच येतो. खरे तर विचारायला हवे ते वेगळेच असते. त्रास किती वाजता सुरू झाला, त्या वेळी रुग्ण कोणत्या खोलीत होता आणि आधीच्या दोन-तीन दिवसांत त्याला सर्दी झाली होती का, या तीन गोष्टींची उत्तरे मिळाली तर निम्मा शोध घरीच पूर्ण होतो. ती न विचारल्यामुळे मात्र केळी, दही आणि संत्री बंद होतात आणि त्रास देणारी वस्तू खिडकीत तशीच घरघरत राहते.

मूळ आजार आणि त्याला चिथावणी देणारी गोष्ट यांची गल्लत ही पहिली चूक होय. दम्यात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज असते. आनुवंशिकता, ऍलर्जीची प्रवृत्ती आणि लहानपणापासून श्वासातून जाणारा धूर अशा अनेक गोष्टी त्यामागे असतात. ही सूज असलेल्या नळ्या धूळ, थंड हवा, विषाणूजन्य सर्दी किंवा परागकण यांच्या संपर्काने आकसतात, त्यांत चिकट कफ साचतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. त्यामुळे चिथावणी दूर केली तरी आजार शिल्लक राहतो. ‘धुळीपासून दूर राहतो, मग औषध कशाला?’ हा युक्तिवाद येथेच कोसळतो. शिवाय या चिथावण्या एकमेकींत मिसळतात. एरवी उदबत्तीच्या धुराने काही न होणाऱ्या माणसाला सर्दीच्या आठवड्यात तोच धूर सोसत नाही.

नागपुरात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते कूलरकडे. पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की माळ्यावरचा किंवा गॅलरीतला कूलर पुसून, पाणी भरून थेट सुरू केला जातो. त्याआधी एकदा त्याची बाजूची झडप काढून आत पाहावे. मागच्या जूनमध्ये टाकीत राहिलेल्या पाण्याचा हिरवट-काळा थर तळाशी वाळून बसलेला असतो, ताट्यांतील गवत मातकट होऊन एकमेकांना चिकटलेले असते आणि त्यावर काळसर ठिपके दिसतात. ती बुरशी असते. पंखा सुरू झाला की तिचे सूक्ष्म बीजाणू पहिल्याच झोतात खोलीभर पसरतात आणि कूलरसमोर ज्याची खाट, त्याची रात्र खोकण्यात जाते. दुसऱ्या दिवशी दोष मात्र रात्री प्यायलेल्या उसाच्या रसाला मिळतो.

याच्या जोडीला आणखी एक चूक होते. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खोलीची दारे-खिडक्या घट्ट बंद केल्या जातात. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. ओलसर हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर थोड्याच वेळात खोली दमट होते आणि गारवाही वाटेनासा होतो. गादी, उशी आणि सोफ्यातील धुळीचे सूक्ष्म किडे कोरड्या हवेत तग धरत नाहीत, परंतु आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहू लागली की ते वाढतात. म्हणजे एप्रिल-मेच्या ज्या कोरड्या हवेत त्यांचे बळ कमी व्हायचे, त्याच हवेत आपण त्यांना आसरा देतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ताट्या नव्या घालाव्यात, टाकी घासून उन्हात वाळवावी, आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण उपसून ती कोरडी करावी (डासांसाठीही हेच करावे लागते) आणि समोरची एक खिडकी किंचित उघडी ठेवावी. हे काम दम्याच्या रुग्णाने करू नये. पहिल्यांदा कूलर चालवताना त्याने त्या खोलीत थांबूही नये. पावसाळ्यापूर्वी कूलर कोरडा करून झाकून ठेवला, तर पुढच्या वर्षीचा निम्मा त्रास वाचतो.

खाण्याविषयीची चूक थोडक्यात सांगता येईल. एखाद्या पदार्थाने खरोखर दमा उसळणारे रुग्ण असतात, पण थोडे. हिवाळ्यात संत्र्यांच्या गावात राहून मुलाला संत्रे न देण्याला, त्या मुलाला संत्र्याची ऍलर्जी सिद्ध झाल्याखेरीज, काहीही आधार नाही. सावजी रश्श्याच्या फोडणीचा ठसका मात्र वेगळा. मिरचीच्या त्या धुराने श्वासनलिका थेट चिडते. तेव्हा फोडणीच्या वेळी रुग्णाने स्वयंपाकघराबाहेर असावे आणि धूर बाहेर टाकणारा पंखा सुरू असावा, एवढे पुरे.

दिवाळीच्या सुमारास उसळणारा दमा सरसकट फटाक्यांच्या नावावर टाकला जातो. फटाक्यांचा वाटा आहेच, पण तारखा नीट पाहाव्यात. पुष्कळदा त्रास आठवडाभर आधी, माळे झाडताना, जुन्या गाद्या उपसताना किंवा भिंतींना रंग लावताना सुरू झालेला असतो. त्याच दिवसांत पावसानंतर मोकळ्या भूखंडांवर माजलेले गाजर गवत फुलोऱ्यात असते आणि पहाटे थंडीही पडू लागते. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, अंथरूण-चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुणे आणि रंगकामाच्या दिवसांत रुग्णाची झोपण्याची सोय दुसरीकडे करणे हे उपाय साधे असले तरी उपयोगी पडतात.

डिसेंबर-जानेवारीत ‘स्वच्छ हवेसाठी’ पहाटे साडेपाचला फुटाळा किंवा अंबाझरी तलावाकडे फिरायला जाणे हीसुद्धा दम्याच्या रुग्णासाठी उलटी पडणारी सवय आहे. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही. वाहनांचा धूर, शेकोट्यांचा धूर आणि रस्त्यांच्या कामांची धूळ तिच्यातच अडकून राहते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांजवळ राहणाऱ्यांना राखेची चिंता निराळी. ऊन वर आल्यावर, नाकावरून मफलर गुंडाळून, आधी दहा मिनिटे हळू चालून मग वेग वाढवावा. व्यायामाने धाप लागते म्हणून व्यायामच सोडणे, विशेषतः मुलांना मैदानावरून परत बोलावणे, चुकीचे आहे. आजार आटोक्यात असेल तर दम्याचे रुग्ण उत्तम खेळू शकतात.

जी चिथावणी कोणाच्याच लक्षात येत नाही, ती औषधांच्या डब्यात असते. ऍस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी काही प्रौढ रुग्णांचा दमा तीव्रतेने उसळतो आणि नाकात मांसवाढ असणाऱ्यांनी तर याबाबत विशेष सावध असावे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील काही औषधांनीही श्वासनलिका आकसतात. इतकेच काय, काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा हे करू शकतात. नेत्रतज्ज्ञाला दम्याविषयी सांगण्याचे आपल्याला सुचत नाही, हीच अडचण. अर्थात अशी औषधे परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारून ती बदलून घ्यावीत.

सगळे टाळूनही त्रास थांबत नसेल, तर चिथावणीचा शोध थोडा बाजूला ठेवून पंप (इनहेलर) कसा घेतला जातो ते पाहावे. दाबून फवारणारा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, मग सावकाश खोल श्वास घेता घेता दाबायचा असतो आणि श्वास सुमारे १० सेकंद रोखायचा असतो. कॅप्सूलमधील पूड ओढायच्या यंत्रात नेमके उलटे, म्हणजे श्वास जोराने आणि वेगाने ओढायचा असतो. एकाची रीत दुसऱ्याला लावली की औषध जिभेवर आणि घशातच राहते. पंप दाबल्यावर तोंडातून पांढरा फवारा बाहेर येताना दिसला, तर औषध छातीत गेलेले नाही असे समजावे आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरावा. स्टेरॉइडच्या, म्हणजे सूज कमी करणाऱ्या, पंपानंतर चूळ भरावी. पंपाची ‘सवय लागते’ ही भीती निराधार आहे. उलट सूज कमी करणारा रोजचा पंप सोडून फक्त निळा आराम देणारा पंप ओढत राहणे धोक्याचे असते आणि तो आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागू लागला तर दमा आटोक्यात नाही असे धरून डॉक्टरांकडे जावे. कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घेणाऱ्यांच्या श्रद्धेत शिरण्याचे कारण नाही, पण त्या भरवशावर रोजचा पंप सोडणारा रुग्ण ऐन थंडीच्या तोंडावर उघडा पडतो.

नागपूरकरांची खास चूक म्हणजे पंप स्कूटीच्या डिक्कीत ठेवणे. बहुतेक पंप ३० अंशांखाली ठेवायचे असतात, आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिक्की त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. दाबाखाली भरलेली ती नळी तापून फुटूही शकते. पंपात औषध उरले आहे का हे पाहण्यासाठी तो पाण्यात तरंगवण्याची युक्तीही सोडून द्यावी. मागच्या बाजूचा आकडा पाहावा, तो नसेल तर घेतलेल्या फवाऱ्यांची नोंद ठेवावी.

रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळ्या पंपाने आराम पडत नसेल, तर कारण शोधत बसू नये. त्याला आडवे न करता बसते ठेवावे, स्पेसरमधून आरामाचा पंप देत राहावे आणि १०८ वर फोन करावा. छातीतली शिट्टी अचानक थांबली पण दम तसाच असेल, तर ते बरे झाल्याचे नव्हे, तर हवाच आत जात नसल्याचे लक्षण असू शकते.