पाण्यावरचं रताळं: वेल माजतो, पण कंद का धरत नाही?

मातीविना रताळं लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी: वेल मांडवभर पसरला, पण पन्हळीचं झाकण उचललं तर खाली नुसती तंतुमुळं. अशा वेळी आधी मुळांभोवतीची हवा, उष्णता आणि उजेड तपासा, खताकडे नंतर वळा.

अलाबामातल्या टस्कीगी विद्यापीठाने नासासाठी द्रावणाच्या, म्हणजे खत विरघळवलेल्या पाण्याच्या, पातळ थरावर रताळी वाढवली. त्यांची मांडणी घरीही जमते. १५ सेंमी रुंद, तितकीच खोल आणि १.२ मीटर लांब पन्हळ घ्या, तिला १ टक्का उतार द्या. शेंड्याकडचे १५ सेंमीचे फाटे २५ सेंमी अंतरावर लावा. काढणी साधारण १२० दिवसांनी.

द्रावण पन्हळीच्या तळाशी पातळ थरानेच वाहू द्या. पहिल्या महिना-दीड महिन्यात कोणती मुळं फुगणार हे ठरतं. तेव्हा ती बुडालेली राहिली तर प्राणवायूअभावी बारीकच राहतात. कंद फुगू लागले की झाकण वर सरकवता आलं पाहिजे, नाहीतर ते चेपतात. झाकण आतून काळं, बाहेरून पांढरं ठेवा. उजेड लागलेलं मूळ फुगत नाही, शिवाय शेवाळ धरतं ते वेगळंच.

हवेचं तापमान दिवसा २८, रात्री २२ अंश ठेवा. रात्र उबदार राहिली तर दिवसा बनलेली साखर श्वसनातच खर्च होते. द्रावणाची टाकी सावलीत हवी: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. विदर्भातल्या मे महिन्यात टाकी जमिनीत पुरणं हाच खात्रीचा उपाय.

आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास असावी. कोरड्या हवेत वेल पाणी झपाट्याने ओढतो, क्षार मागे राहतात आणि द्रावण तीव्र होतं. म्हणून ईसी, म्हणजे क्षारांचं प्रमाण दाखवणारी द्रावणाची विद्युतवाहकता, रोज मोजा. ती सेंमीमागे १.० ते १.२ मिलिसीमेन्समध्ये ठेवा, चढली तर साधं पाणी घाला. सामू (पीएच) ५.५ ते ६ हवा. दर दोन आठवड्यांनी सगळं द्रावण बदला.

एवढं सगळं नीट असूनही पालाच वाढत असेल, तर नत्र जास्त झालंय. नत्राच्या सुमारे २.४ पट पालाश ठेवा.