इंग्रजीतलं ‘स्वॉलो’ कसं वापरायचं? आधी काय गिळलं ते बघा

मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेल्या आपल्या बेळगावकडच्या मुलांना ‘स्वॉलो’चा अर्थ विचारला तर ‘गिळणे’ असं पटकन सांगतात, आणि ते बरोबरच आहे. अडचण पुढे येते. इंग्रजी पेपरात कुणी ‘प्राइड’ गिळतो, कुणी आख्खी ‘स्टोरी’ गिळतो, तर कुठे एक कंपनी दुसरीला गिळून टाकते. अशा वेळी शब्दकोश उघडून आठ-दहा अर्थ पाठ करण्यात काही हशील नाही. गिळणारा कोण आणि गिळलं काय, एवढं बघितलं की अर्थ बहुतेक वेळा आपोआप उलगडतो. त्या क्रमानेच जाऊ.

पायरी १: उच्चार सुधारा

‘शॅलो’ म्हणजे उथळ. त्याच्या चालीवर बरेच जण ‘स्वॅलो’ म्हणतात. पण इंग्रजीत ‘डब्ल्यू’नंतरचा ‘ए’ पुष्कळदा ‘ऑ’सारखा होतो: वॉच, वॉश, वॉन्ट. म्हणून स्वॉलो. भूतकाळ स्वॉलोड.

पायरी २: शब्दशः अर्थ औषधाच्या पाकिटावर शिका

घरात गोळ्यांची पाकिटं असतातच, ती पुढ्यात घ्या. काही गोळ्यांवर ‘स्वॉलो होल, डू नॉट क्रश ऑर च्यू’ अशा अर्थाची सूचना असते. म्हणजे गोळी अख्खी गिळायची, कुटायची नाही, चावायची नाही. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटून घेतली तर तासन्‌तास पुरवून सुटायचं औषध एकदम अंगात जातं, त्यासाठी ही ताकीद. उलट ‘च्यूएबल’ लिहिलेली गोळी आधी चावायची आणि मग गिळायची. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिवशी शाळेत मुलांना देतात ती अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला सांगतात, ती याच प्रकारातली. गुळण्या करायच्या औषधावर ‘डू नॉट स्वॉलो’ असतं.

या तीन सूचना वाचल्या की शेजारची क्रियापदंही हाताला लागतात. ‘च्यू’ म्हणजे चावणं-चघळणं, ‘स्पिट’ म्हणजे थुंकणं, ‘गार्गल’ म्हणजे गुळण्या. निपाणीच्या तंबाखूला ‘च्यू’ आणि ‘स्पिट’ दोन्ही चालतात, ‘स्वॉलो’ नाही. गटागटा पाणी प्यायलं तर ‘गल्प’, चहाचा एकेक घोट घेतला तर ‘सिप’. घोट या अर्थी ‘अ स्वॉलो’ असं नामही होतं. आवंढा गिळला असेल तर ‘ही स्वॉलोड हार्ड’. तिथे काय गिळलं ते सांगावं लागत नाही.

पायरी ३: गिळलेली वस्तू भावना असेल तर

इथे आपण जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

राग, अश्रू, अपमान आपण मराठीत गिळतो, तसेच इंग्रजीतही गिळतात. ‘शी स्वॉलोड हर अँगर’ म्हणजे तिने राग आतल्या आत दाबला. ‘प्राइड’ मात्र नीट समजून घ्या. ‘ही स्वॉलोड हिज प्राइड अँड आस्क्ड हिज ब्रदर फॉर हेल्प’ म्हणजे कमीपणा घेऊन त्याने भावाकडे मदत मागितली. मराठीत ‘अभिमान गिळला’ म्हटलं तर कानाला खटकतं. ‘कमीपणा घेतला’, ‘मान बाजूला ठेवून’ असंच आपण म्हणू. शिवाय ‘प्राइड’च्या आधी ‘माय’, ‘हिज’, ‘हर’ यांपैकी योग्य तो शब्द हवाच. नुसतं ‘ही स्वॉलोड प्राइड’ अपुरं वाटतं.

आता आपली खास चूक. मराठीत अपमान पचवतात, दुःख पचवतात, एखादी गोष्ट पचनी पडत नाही. त्यामुळे ‘आय कान्ट डायजेस्ट इट’ हे वाक्य कॅम्पातल्या कॉफीच्या टेबलापासून ऑफिसच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. आपापसात ते कळतं, त्यात बिघडत काही नाही. पण बाहेरच्या माणसाला वाटेल, याचं पोट बिघडलंय. इंग्रजीत ‘डायजेस्ट’ होते ती माहिती: जाडजूड अहवाल शांतपणे वाचून डोक्यात उतरवणं. न पटणारी, मनाला लागणारी गोष्ट असेल तर ‘आय फाइंड इट हार्ड टू स्वॉलो’. कटू सत्य मुकाट्याने स्वीकारावं लागलं तर ‘अ बिटर पिल टू स्वॉलो’.

पायरी ४: गिळलेली वस्तू गोष्ट किंवा सबब असेल तर

मग अर्थ होतो ‘विश्वास ठेवणं’, आणि त्यात भोळेपणाची छटा येते. ‘ही स्वॉलोड द स्टोरी’ म्हणजे थाप त्याला खरी वाटली. व्हॉट्सॲपवर आलेला कुठलाही उपाय खरा मानणाऱ्या काकांसाठी ‘हुक, लाइन अँड सिंकर’ असं शेपूट जोडता येतं: गळ, दोरी, शिशाचं वजन, सगळंच माशाने गिळलं. एखाद्याने खरोखर विचार करून विश्वास ठेवला असेल तर हे क्रियापद वापरू नका, त्याला टोमणा लागेल.

पायरी ५: गिळणारा माणूस नसेल तर ‘अप’ जोडा

नदी, अंधार, खर्च, मोठी कंपनी असे कर्ते आले की बहुधा ‘स्वॉलो अप’ होतं. आपलं ‘गिळंकृत करणं’. हुक्केरी तालुक्यातल्या हिडकल धरणाचं उदाहरण घ्या. घटप्रभेवरच्या या जलाशयात हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर बुडतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पुन्हा दिसतं. ‘द रेझर्व्हॉयर स्वॉलोज अप द टेम्पल’ हे वाक्य तिथे चपखल बसतं. बांधकामात सगळी शिल्लक संपली? ‘द हाउस स्वॉलोड अप ऑल अवर सेव्हिंग्ज’.

पायरी ६: जिथे बसत नाही तिथे बसवू नका

अस्पष्ट बोलणाऱ्याला आपण ‘शब्द खातो’ म्हणतो. इंग्रजीत तो शब्द ‘स्वॉलो’ करतो. ‘ईट युअर वर्ड्‌स’ म्हणजे आपलं म्हणणं चुकलं हे कबूल करून शब्द मागे घेणं. ही अदलाबदल एकदा पक्की करून टाका.

‘मूग गिळून गप्प बसला’ यातले मूग इंग्रजीत नेऊ नका, ‘ही केप्ट मम’ पुरे. आई वैतागून ‘गिळ की आता’ म्हणते तेव्हाही ‘स्वॉलो’ नको. तिच्या त्या वाक्यातली खरी धार इंग्रजीत कशानेच येणार नाही. ‘जस्ट ईट इट’वर भागवा.

आपल्याकडे तिसरी भाषाही कानावर असते. कन्नडमध्ये गिळणं म्हणजे ‘नुंगु’, आणि ‘बिसी तुप्प’ हा वाक्प्रचार कन्नड बातम्यांत सारखा येतो: तोंडात गरम तूप, गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही. त्याला ‘बिटर पिल’ म्हणू नका. ती गोळी शेवटी गिळावीच लागते, तूप मात्र तोंडातच अडकलेलं असतं.

एक पक्षीही वाटेत येतो. थंडीत विजेच्या तारांवर रांगेने बसणाऱ्या भिंगऱ्यांनाही इंग्रजीत ‘स्वॉलो’च म्हणतात. स्पेलिंग एकच असलं तरी जुन्या इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द होते. ‘वन स्वॉलो डझ नॉट मेक अ समर’ या म्हणीत घोट नाही, हा पक्षी आहे. युरोपात तो उन्हाळ्याच्या सुमाराला येतो, म्हणून म्हणीत समर.

सरावासाठी ही चार वाक्यं इंग्रजीत करून बघा: गोळी पाण्याबरोबर गिळ. त्याची सबब सरांना खरी वाटली. निकाल तिच्या पचनी पडला नाही. पुराने रस्ता गिळला. चारही ठिकाणी ‘स्वॉलो’ बसतं. ‘अप’ फक्त शेवटच्या वाक्यात लागेल.