मोठा कुत्रा घेऊन मुंबईहून दिल्लीला घर हलवायचंय? आधी त्याची तारीख ठरवा, मग ट्रकची

नवऱ्याची दिल्लीला बदली झाली हे कळल्यावर नातेवाईकांचा पहिला प्रश्न होता, "मग बंड्याचं काय करणार?" बंड्या म्हणजे आमचा लॅब्रेडोर, नऊ वर्षांचा, ३४ किलोचा. दोघातिघांनी तर कुणाच्या तरी फार्महाउसवर सोडून द्या असंही सुचवलं, ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. छोटा कुत्रा असता तर बॅगेत घालून नेता आला असता, मोठ्याचं तसं नसतं, पण म्हणून तो नेता येत नाही असं अजिबात नाही, फक्त सुरुवात दोन महिने आधी करावी लागते. आम्ही ठाण्याहून दिल्लीला त्याला ट्रेनने नेलं. काय काय केलं, कुठे चुकलं, ते सगळं क्रमाने लिहितेय.

१. महिना कुत्र्याच्या सोयीने निवडा

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, पंजातून थोडासा येतो तेवढाच, बाकी उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतो. त्यामुळे एप्रिल ते जून त्याला हलवू नका, दिल्लीत तेव्हा लू चालते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे धुकं असतं, गाड्या तासन् तास लेट होतात, दिवाळीच्या आसपास दिल्लीची हवा खराब असते आणि फटाके वेगळेच. आम्ही फेब्रुवारीचा शेवट धरला. ऑफिसची जॉइनिंग आधी असेल तर एकाने पुढे जावं आणि कुत्र्याने दुसऱ्याबरोबर मागून यावं, पण मे महिन्यात ओढत नेऊ नये.

२. ट्रेन, गाडी की विमान

विमानात केबिनमध्ये फक्त लहान कुत्री नेता येतात, कारण पिंजऱ्यासकट वजनाची मर्यादा फार कमी असते. लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर वगैरे सगळे खाली सामानाच्या भागात, तेही विमान कंपनी कुत्री नेत असेल तरच. पग, बॉक्सर, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री असतील तर विमानाचा विचार सोडाच, त्यांना मुळातच श्वासाचा त्रास असतो. विमानानेच न्यायचं असेल तर क्रेट, म्हणजे प्रवासाचा पिंजरा, मापाने घ्या. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचं अर्धं, एवढी क्रेटची लांबी. रुंदी खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट. उंची म्हणजे तो उभा राहिल्यावर डोकं किंवा कान, जे वर असेल तिथपर्यंत. आत तो आरामात उभा राहिला पाहिजे, वळला पाहिजे, पसरून झोपला पाहिजे.

आपल्या गाडीने साधारण १४०० किलोमीटर होतात. घाई न करता तीन दिवस धरा, दर दोन-अडीच तासांनी थांबा, मागच्या सीटवर हार्नेस लावून बांधा आणि हॉटेलला फोन करून विचारताना "पेट चालेल का" एवढंच विचारू नका, "३४ किलोचा लॅब्रेडोर आहे, खोलीत आमच्याबरोबर झोपणार" असं स्पष्ट सांगा आणि होकार मेसेजवर घ्या. बंद गाडीत त्याला पाच मिनिटंसुद्धा एकटं ठेवू नका, उन्हात उभी गाडी दहा मिनिटांतच भट्टीसारखी तापते.

आम्ही ट्रेन निवडली कारण बंड्याला गाडीत उलट्या होतात, आणि ट्रेनमध्ये तो आमच्या पायाशी झोपू शकणार होता.

३. ट्रेनचं तिकीट, इथे नीट लक्ष द्या

मोठा कुत्रा डब्यात बरोबर नेता येतो तो फक्त फर्स्ट क्लासमध्ये, म्हणजे फर्स्ट एसी किंवा जुना साधा फर्स्ट क्लास, आणि तेही अख्खा कूपे (दोन बर्थचा) किंवा अख्खी केबिन (चार बर्थची) तुमच्याच नावावर असेल तर. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार, कुठेही चालत नाही. बुक न करता नेताना पकडलं तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होते आणि वर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यात.

बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. आम्ही मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी घेतली, संध्याकाळी निघून सकाळी नवी दिल्ली, म्हणजे बराचसा प्रवास रात्री होतो. दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढली. पण तिकीट कन्फर्म झालं म्हणजे कूपे मिळालाच असं नाही, हे मला आधी माहीतच नव्हतं. कूपे चार्ट बनताना ठरतो, म्हणून तिकीट हातात आल्यावर रेल्वेच्या वाणिज्य विभागाला अर्ज द्यायचा, त्यात पीएनआर, तारीख, कुत्र्याची जात, वजन आणि "कूपे द्यावा ही विनंती" असं सरळ लिहायचं, लसीच्या पुस्तकाची झेरॉक्स जोडायची आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. चौघंजण असाल तर चारही बर्थ घेऊन केबिन मिळवणं सोपं.

ठाण्याची माणसं विचारतील की बोरीवलीला का चढला नाहीत, जवळ पडतं की. तिथे गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, मोठा कुत्रा, दोन बॅगा आणि गर्दी हे दोन मिनिटांत जमत नाही. जिथून गाडी सुटते तिथूनच चढा.

कूपे मिळालाच नाही तर? मग गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स हा पर्याय उरतो. मी बंड्याला त्यात पाठवलं नसतं, सरळ तिकीट रद्द केलं असतं. लोखंडी पेटी, एकटेपणा, आवाज, आणि मोठ्या कुत्र्याला आत धड वळताही येत नाही.

४. कागद

रेबीजची लस चालू वर्षाची हवी, पुस्तकात तारीख, शिक्का, बॅच नंबर असावा. प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी व्हेटकडून प्रवासासाठी फिट असल्याचा दाखला घ्या, त्यात जात, रंग, वय, वजन लिहिलेलं असावं. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांतही असा दाखला बरोबर हवा असं आहे. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा. मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) नसेल तर याच भेटीत बसवून घ्या आणि पट्ट्यावर दोघांचे मोबाइल नंबर असलेलं बिल्लं लावा.

झोपेचं औषध मात्र आपल्या मनाने देऊ नका. त्याने रक्तदाब खाली जातो आणि शरीराचं तापमान सांभाळणं त्याला कठीण जातं. बंड्याच्या व्हेटनी तर साफ नाही सांगितलं, फक्त उलटीची गोळी लिहून दिली.

५. सिमेंटवर शू करायला शिकवा

हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि सगळ्यात जास्त हेच नडलं. आमच्या सोसायटीच्या मागे गवत आहे, नऊ वर्षं बंड्या तिथेच जायचा. पंधरा-साडेपंधरा तासांच्या प्रवासात प्लॅटफॉर्मवर गवत कुठून येणार? निघायच्या जेमतेम आठ दिवस आधी हे डोक्यात आलं. मग सकाळी पार्किंगच्या फरशीवर न्यायचं, "शू कर, शू कर" म्हणत उभं राहायचं, झाली की लगेच चिकनचा तुकडा, असं चालू केलं. तुम्ही दीड महिना आधी सुरू करा. शिवाय त्याच्याच शूचा वास असलेलं गोणपाट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर ठेवा, त्याचा खरंच उपयोग होतो.

त्याचबरोबर त्याला गर्दीची आणि स्टेशनच्या आवाजांची सवय लावा. आम्ही आधी रात्री उशिरा ठाणे स्टेशनच्या बाहेर जायचो, मग संध्याकाळी. पहिल्या दिवशी हॉर्न ऐकून तो माझ्या पायात शिरला, दहाव्या दिवशी नुसते कान हलवले. तोंडाला जाळी लावायची सवयही याच दिवसांत करा, पण पिंजऱ्यासारखी, जिच्यात तो तोंड उघडून धापा टाकू शकेल. कापडाची घट्ट नको.

६. पॅकिंगच्या दिवशी तो घरात नको

आम्ही बोलावलेल्या पॅकर्सच्या मुलांनी खोके नेताना दार उघडं टाकलं आणि बंड्या खाली गेला. वीस मिनिटं मी चपला न घालता सोसायटीभर हाका मारत फिरत होते. शेवटी तो मागच्या गेटपाशी वॉचमनकाकांजवळ बसलेला सापडला. वीसच मिनिटं, पण आजही आठवलं की पोटात गोळा येतो. त्या दिवशी त्याला त्याच्या ओळखीच्या शेजाऱ्यांकडे ठेवा, नाहीतर एका खोलीत बंद करून दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावा.

आणि त्याची गोधडी धुऊ नका! नव्या घरात आपला वास असलेली तेवढी एकच गोष्ट असते त्याला. वाडगा, गोधडी, दहा दिवसांचं नेहमीचं खाणं, हे ट्रकमध्ये न टाकता आपल्याबरोबर ठेवा.

७. प्रवासाचा दिवस

शेवटचं खाणं निघायच्या पाच-सहा तास आधी आणि हलकं, आम्ही थोडा दहीभात दिला. पाणी थोडं थोडं देत राहा. स्टेशनवर तीन तास आधी पोचा कारण कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसला होतं, तिकीट, ओळखपत्र, लसीचं पुस्तक, दाखला दाखवायचा, पैसे भरायचे, पावती घ्यायची. या कामाला वेळ लागतो. एकाने रांगेत उभं राहावं आणि दुसऱ्याने कुत्र्याला घेऊन बाहेर मोकळ्यावर थांबावं. पावती खिशातच ठेवा, टीसीला दाखवावी लागते. सामान दोन पाठीवरच्या बॅगांपुरतंच ठेवा, हात मोकळे हवेत.

कूपेत गेल्यावर जमिनीवर जुनी चादर, त्यावर गोधडी अंथरा, साखळी हातात ठेवून दार लावून घ्या. ट्रेनमधलं जेवण देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतात. बंड्या सुरतेपर्यंत उभाच होता, जीभ बाहेर, डोळे मोठे. मग मीच खाली गोधडीवर बसले तेव्हा माझ्या मांडीवर डोकं टाकून आडवा झाला.

वडोदऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबते, तिथे उतरवलं. सगळे खांब हुंगले, शू नाही. पहाटे सव्वातीनच्या सुमारास कोटा आलं, प्लॅटफॉर्म रिकामा होता, नवऱ्याने ते गोणपाट टोकाला एका खांबापाशी पसरलं, बंड्याने हुंगलं, दोनदा गोल फिरला आणि केली. किती वेळ चालली होती काय सांगू! मला तिथे अक्षरशः रडू आलं. वरून बाटलीभर पाणी ओतायला विसरू नका. आणि थांबा किती मिनिटांचा आहे ते आधी बघून ठेवा, एकाने डब्याच्या दारातच उभं राहायचं.

८. नव्या घरात

आधी एकच खोली लावा, गोधडी आणि पाण्याचा वाडगा तिथे ठेवा, बाकीची खोकी नंतर. गुळगुळीत टाइल्स असतील तर पायपुसणी नाहीतर रबरी मॅट टाका, वयस्कर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात. निदान दोन आठवडे फाटकाबाहेर पट्टा सोडू नका, गल्लीतल्या कुत्र्यांची हद्द त्याला माहीत नसते. जवळचा व्हेट पहिल्याच आठवड्यात गाठा, गोचिडांचं औषध चालू ठेवा. दिल्ली महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करावी लागते, रेबीजचा दाखला तिथेही लागतो. सोसायटीत कोणी "इथे कुत्रा चालत नाही" म्हणालं तर भांडू नका, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांची प्रत दाखवा, सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. आपण मात्र लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरायचा आणि शी उचलायची.

पहिले दोन-तीन दिवस खाणं कमी झालं तर घाबरू नका, पण एक दिवस पाणीसुद्धा प्यायला नाही किंवा सतत उलट्या झाल्या तर थांबू नका, डॉक्टरकडे न्या. बंड्याने पाचव्या दिवशी वाडगा पूर्ण चाटून साफ केला. गोधडी मी तरी अजून पंधरा दिवस तशीच ठेवली.