बाहुलीचं खणाचं पोलकं: कटिंग कसं बसवलं

भाचीच्या साडेअकरा इंची बाहुलीला खणाचं पोलकं हवं होतं. आपल्या मापाचं कटिंग सहाव्या हिश्श्याला आणून भागत नाही. कापड तेवढंच जाड राहतं, अर्धा घेर शिवणीतच जातो आणि पाठीवर बटणपट्टी भेटत नाही.

मग बाहुलीला क्लिंग फिल्म गुंडाळली, वर कागदी चिकटपट्टी लावली. पेनानं गळा, मुंढा (बाही जोडतात तो घेर), खांदा, कुशीची शिवण, टक्स (छातीच्या आकारासाठी घालायच्या चिमट्या) आखले आणि रेषांवर कापलं. छातीचा फुगवटा टक्सवर चीर दिल्याशिवाय सपाट होत नाही. तुकडे कागदावर उतरवून कडेला किंचित सैल सोडलं, माया (शिवणीसाठी जास्तीचं कापड) ५ मिलिमीटर, बटणपट्टीला १ सेंटिमीटर. पहिलं पोलकं मांजरपाटाचं; खण महाग!

गुळेदगुड्डच्या खणाचे धागे फार सुटतात, म्हणून कापायच्या रेषेवर पातळ फेविकॉल फिरवून वाळवलं. काठ बाहीच्या टोकाला घेतला, दुमडायची कटकट गेली. बाही कुशीची शिवण घालण्याआधी, कापड सपाट असतानाच जोडायची. खडेबाजारातली सगळ्यांत बारीक टिचबटणं लावली.

घालताना बाहुलीचा अंगठा बाहीत अडकतो. हाताला प्लास्टिकचा तुकडा गुंडाळला की सरकन जातो.