गणपतीला चाकरमानी आले की आधी सह्या घ्या

आमच्या वाडीत योजनांची चर्चा नेहमी उलट्या टोकाने सुरू होते. कुणीतरी सांगतं, अमुक अनुदान आलंय, आठ दिवसांत अर्ज करायचाय, आणि मग सगळे कागद शोधायला धावतात. कोकणात आठ दिवसांत कागद जमत नाहीत. म्हणून ही तयारी योजनेचं नाव कानावर येण्याआधीची आहे.

पहिला कागद सातबारा. तो ऑनलाइन काढा आणि त्यावरची नावं एकेक करून मोठ्याने वाचा. चार पिढ्यांची सामाईक जमीन, वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी माणसं गेलेली आणि उरलेली लालबाग-परळ ते विरार-कल्याणपर्यंत पांगलेली, हे आपल्या प्रत्येक घराचं चित्र आहे. गेलेल्यांच्या वारसनोंदी आधी तलाठ्याकडे घाला, कारण वारस लागल्याशिवाय सही कोण करणार? मग फळबाग अनुदानासाठी सहहिस्सेदारांची संमतीपत्रं लागतात. ती घेण्याचे दिवस वर्षातून दोनच, गणपती आणि शिमगा. मसुदा आधी टाईप करून ठेवा, प्रत्येकाच्या आधारची प्रत तिथल्या तिथे घ्या आणि आरतीनंतर सगळे खळ्यात बसलेले असताना विषय काढा. फोनवर ‘बघू’ म्हणणारे काका समोर बसले की सही करतात, हे मी माझ्या घरात पाहिलंय. सगळ्यांची तयारी असेल तर त्याच बैठकीत वाटपाचंही बोला. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे संमतीचं वाटप तहसीलदारांकडे होतं.

एवढा आटापिटा कशासाठी, तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणाला 10 गुंठ्यांपासून 10 हेक्टरपर्यंत मर्यादा आहे, बाकी महाराष्ट्राला 6 हेक्टरपर्यंतच. पैसे तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे येतात आणि पुढचे हप्ते जगलेली झाडं पाहून मिळतात. तेव्हा मे महिन्यात कलमांना पाणी कुठून घालणार, हेही अर्जाआधीच ठरवा. 15 एप्रिल 2025 पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, तो काढून घ्या. पीकपाहणीत आंबा, काजू, माड, पोफळ यांची नोंद आहे का तेही बघा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं, तेव्हा माड-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. असा प्रसंग पुन्हा आला तर पंचनाम्याच्या वेळी आधीची नोंद आणि पावसाआधी काढलेले घराबागेचे फोटो हाताशी असलेले बरे. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर असेल तर तीही बदलून घ्या.

वाडीच्या मंडळाचं दुखणं वेगळं. मंडळ नोंदलेलं असतं, पण नोंदीवर अध्यक्ष म्हणून पंधरा वर्षांपूर्वीचेच गृहस्थ असतात. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल द्यावा लागतो. तो न दिल्यामुळे आमच्याच मंडळाचं बँक खातं अडकलं, आणि हातातोंडाशी आलेली एका कंपनीची मदत परत गेली. ती गोष्ट अजून मनाला लागून आहे. म्हणून आधी फेरफार, मग थकलेले लेखापरीक्षणाचे अहवाल, मग मंडळाचं पॅनकार्ड. संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणारी आयकराची 12अ आणि 80जी नोंदणी त्यानंतर. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून स्वतः काम करू पाहणाऱ्या संस्थेला 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा अर्जही भरावा लागतो. हे सगळं व्हायला वर्ष जातं, हे गृहीत धरा.

सभामंडप, पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, किंवा साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल हवा असेल तर आमदार-खासदार निधीकडे बघा, पण रोख रक्कम मंडळाच्या हातात पडत नाही. लोकप्रतिनिधी काम सुचवतात आणि ते सरकारी यंत्रणेमार्फत होतं. मंडळाचा वाटा म्हणजे जागा. ज्याच्या जमिनीतून पाखाडी जाते त्याचं लेखी संमतीपत्र अर्जाला जोडलेलं असू द्या.

ग्रामपंचायतीसाठी मात्र तारखा पाठ हव्यात. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा 2 ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभांपासून आकार घेऊ लागतो. वित्त आयोगाच्या पैशातून व्हायचं काम त्यात लिहिलेलं हवं. ग्रामसभेला लागणारी किमान हजेरी, म्हणजे गणसंख्या, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला कमी आकडा. आपल्या वाड्या डोंगरभर विखुरलेल्या, त्यामुळे दूरच्या वाडीचा माणूस सभेला पोचतच नाही आणि त्याची विहीर यादीत येत नाही. एक जीप ठरवा आणि माणसं घेऊन जा. ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हायलाच हवी, तिथे पाण्याचा विषय बायांनी लेखी मांडावा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिलपासून हंडे घेऊन चढ चढतात त्या त्याच. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी असतात. ते कुठे खर्च झाले, तेही त्याच सभेत विचारा.

बचत गटाला उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून फिरता निधी, पुढे बँकेचं कर्ज, हे सगळं हिशेबाच्या वहीवर ठरतं. बैठक, बचत, कर्ज, परतफेड दर वेळी लिहा, सह्या त्याच दिवशी घ्या. कोकम, आमसूल, फणसपोळी करणाऱ्या गटांनी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करावी. कर्जाला जोडून 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, असं तिचं अनुदान आहे. जाण्याआधी अन्न परवाना आणि यंत्राचं दरपत्रक तयार ठेवा.

दर्यावर जाणाऱ्यांना 1 जून ते 31 जुलै ही बंदी म्हणजे कागदांचाच हंगाम. नौकेची नोंदणी, परवाना, विमा, मच्छीमार सहकारी संस्थेचं सभासदत्व बोटी शाकारलेल्या असतानाच तपासा. मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान असतं. मासे विकणाऱ्या बायांची नावं संस्थेच्या सभासद यादीत नसली तर याच पावसाळ्यात अर्ज द्या.

प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढा. एक संच गावात, एक मुंबईच्या मंडळाकडे, आणि एक प्लॅस्टिकच्या डब्यात, माळ्यावर नको, पागोळ्यांपासून लांब.